सात माणसं, तुरीचं पोतं आणि चार मीटर

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातल्या जुन्या बीदर जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज महाराष्ट्रात आहेत, झहीराबाद आणि नारायणखेड तेलंगणात, तर बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद कर्नाटकात. सोयरिकी मात्र जुन्या वाटेनेच चालू राहिल्या. भालकीची लेक उदगीरला दिलेली असते, औरादची देगलूरला, आळंदची अक्कलकोटला. जावळ असो, साखरपुडा असो की कुणाचा दहावा, हद्द ओलांडावीच लागते आणि अशा कामाला घरातून एकटं कुणी निघत नाही. आजी, दोन सुना, पोरं, एखादा दीर आणि वर डबे-पिशव्या. सात सीटची आटोपशीर गाडी बीदर-कलबुर्गी भागातल्या घरांना का हवी असते, ते या सोयरिकींवरून कळतं.

ही गरज आधी मारुती व्हॅनने भागवली. १९८४ साली आलेली ही गाडी पुढे ऑम्नी झाली आणि २०१९पर्यंत तयार होत राहिली. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं, त्यामुळे बॉनेटला लांबी द्यावी लागली नाही आणि जवळजवळ सगळी गाडी माणसांच्या वाट्याला आली. बीदरच्या जुन्या शहरात चौबाऱ्याजवळच्या बोळात, भिंतीला चिकटून गाडी उभी करायची असेल तर सरकत्या दाराचं मोल कळतं. अमेरिकेत क्रायस्लरची आणि फ्रान्समध्ये रेनोची मिनिव्हॅन याच सुमाराला बाजारात आली, पण त्या गाड्या कितीतरी मोठ्या होत्या. ऑम्नीत चालवणाऱ्याच्या गुडघ्यापुढे पत्र्याखेरीज फारसं काही नव्हतं. सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर तो आकार टिकणं शक्य नव्हतं आणि टिकायलाही नको होता. सरकतं दार मात्र परवडणाऱ्या घरगुती गाड्यांत मारुतीच्या ईकोपुरतंच उरलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. इरकल नेसलेल्या म्हातारीला उघड्या दाराच्या कडेला धरून वळत आत शिरावं लागतं, तेव्हा ती उणीव जाणवते.

आजच्या गाड्यांचा आकार बराचसा कराने ठरवलेला आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पेट्रोलसाठी इंजिनाची मर्यादा १२०० सीसी. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांची शेपटी ३९९० मिलिमीटरच्या आसपास कापलेली दिसते. सप्टेंबर २०२५पासून जीएसटीत हाच भेद १८ आणि ४० टक्के असा उभा आहे.

रेनोची ट्रायबर ही या नियमातून जन्मलेली गाडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती आली. लांबी ३९९० मिलिमीटर, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६३६. चाकं गाडीच्या टोकांकडे ढकलली की मधे सीटांच्या तीन रांगा बसतात. मागच्यांचं डोकं छताला लागू नये म्हणून छप्पर मधल्या सीटच्या वर हलकेच उंचावलं आहे आणि ती पायरी करिअरच्या दांड्यांआड झाकली आहे. गरजेतून आलेली वळणं अशी लपवण्यातही कसब लागतं. मला ही गाडी त्यासाठी आवडते. मागच्या दोन सीट काढून घरी ठेवता येतात. तसं केलं तर डिकी ६२५ लिटरची होते. सातही माणसं बसली तर उरते ८४ लिटर, म्हणजे एक बॅग आणि चपलांची पिशवी. एक लिटरचं, ७२ अश्वशक्तीचं इंजिन आपल्या सपाट पठारावर पुरतं. पण गळीत हंगामात भालकीच्या रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या ओलांडायच्या असतील, तर भरलेली ट्रायबर दमाने घ्यावी लागते.

मारुतीने दुसरा मार्ग घेतला. एप्रिल २०१२मध्ये आलेली एर्टिगा चार मीटरच्या सवलतीत बसली नाही, आणि बसायचा तिने प्रयत्नही केला नाही. २०१८च्या पिढीची लांबी ४३९५ मिलिमीटर, इंजिन दीड लिटरचं. सात माणसं बसल्यावर डिकी २०९ लिटर उरते, मागची रांग पाडली की ५५०. म्हणजे गाणगापूर-अक्कलकोट-तुळजापूर करून, येताना गावाहून तुरीचं पोतं घेऊन यायचं तर पाच माणसं आणि पोतं, किंवा सात माणसं आणि पोतं टपावर. सीएनजीची गाडी घेणाऱ्याने हे आधीच ओळखावं: सिलिंडर डिकीतच बसतो. इंधनाचा खर्च कमी होतो, पण सामानाची जागा त्यात जाते.

आता दिसण्याबद्दल. खरी व्हॅन उताराच्या काचेची, बसक्या नाकाची, पोटात मोठी असते. अलीकडे मात्र तिला एसयूव्हीचा चेहरा लावण्याची घाई दिसते: उंच बॉनेट, चाकांभोवती काळं प्लास्टिक. एर्टिगाचीच एक्सएल६ २०१९मध्ये अशा वेषात आली आणि सहा सीटची झाली. एक माणूस कमी करून मिळालेला रुबाब आपल्या भागातल्या घराला परवडणारा नाही. व्हॅनची जमीन खाली असते, आजीला चढायला सोपी असते, काच मोठी असल्याने मागच्या पोरांना बाहेरचं दिसतं आणि उलटीही कमी होते. हेच तिचं देखणेपण.

आतला रंगही शोरूमच्या दिव्याखाली ठरवू नये. बीदरच्या पठारावर जांभ्याची तांबडी धूळ, कलबुर्गीकडे उतरलं की काळ्या रानाचा चिखल. पांढरट सीट पहिल्या पावसाळ्यातच दोन्ही रंग घेते. कलबुर्गीच्या मे महिन्यात तर मागच्या रांगेपर्यंत एसीचा झोत पोहोचतो का, हे बघायलाच हवं. पुढे बसून ते समजत नाही.

म्हणून गाडी बघायला एकट्या कर्त्याने जाऊ नये. आजीला, सुनेला, पोरांना आणि दोन भरलेल्या पिशव्यांना सोबत न्या. सगळ्यात उंच माणसाला शेवटच्या रांगेत बसवा, त्याचं डोकं मागच्या काचेला किती जवळ येतं ते पाहा. बाजूची एअरबॅग त्या रांगेपर्यंत येते का, प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे विचारा. मग दार लावा आणि डिकी बंद होते का बघा. झाली नाही, तर ती गाडी तुमच्या घराची नाही.