पुण्याची मुलगी, तुळजापूरचे दुकान

गेल्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्यासाठी एक स्थळ पाहण्यास आम्ही पुण्याला गेलो होतो. मुलगा बी. कॉम., निर्व्यसनी, तुळजापुरात महाद्वाराच्या परिसरात कापडाचे पिढीजात दुकान. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे गर्दीचे वार. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तर जेवायलाही फुरसत नसते. मुलीकडच्यांनी आदरातिथ्य उत्तम केले. निघताना मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, “काका, मुलगा सोन्यासारखा आहे. पण तुळजापूर…” वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. तशी गरजही नव्हती. पुतण्याचे वय तेहेतीस, आणि हा सातवा नकार.

रात्री मुक्काम माझ्या मुलीकडे होता. दूरचित्रवाणीवर ‘मुंबई-पुणे-मुंबई’ लागला होता. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2010 सालचा. मुंबईची एक मुलगी ठरू घातलेल्या स्थळाला नकार देण्यासाठीच पुण्याला येते. तेथे एक अनोळखी तरुण भेटतो आणि दोघे दिवसभर कोणते शहर श्रेष्ठ यावर भांडत हिंडतात. अखेरीस कळते, की ज्याला नकार द्यायचा तो मुलगा हाच. पडद्यावर जवळजवळ सर्व वेळ मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी हे दोघेच, आणि पात्रांना नावेसुद्धा नाहीत. पुढे 2015 साली दुसरा भाग आला. त्यात ती दोघे गौरी आणि गौतम झाली, दोन्हीकडची घरे आली आणि लग्न तोंडावर आल्यावर मुलीच्या मनात उठणारी शंका आली. 2018 च्या तिसऱ्या भागात बाळाची चाहूल. तेच दिग्दर्शक, तीच जोडी, आठ वर्षांत तीन चित्रपट. मराठीत एखादी प्रेमकथा लग्नानंतरही इतकी चालू राहणे विरळाच.

मला पहिला भाग सर्वांत आवडला, कारण त्यात माणसाची ओळख परिचयपत्राआधी होते. आपल्याकडे उलटा क्रम आहे. शिक्षण, पगार, गाव या तीन ओळी वाचूनच कागद बाजूला पडतो. त्या मुलाला दिवसभर भांडण्याची संधी कोण देतो? अर्थात चित्रपटातले भांडणही मुंबई आणि पुणे यांच्यातच आहे. तिसरे गाव त्या दोघांच्या गावीही नाही.

जावई एका जपानी कंपनीशी संबंधित काम करतात. ते म्हणाले, “जपानमध्ये तर एकाच प्रेमवीराचे 48 चित्रपट आहेत, आणि शेवटपर्यंत लग्न नाही!” मग त्यांनी मला तोरासानची गोष्ट सांगितली, आणि पुढचे दोन दिवस त्या मालिकेतले दोन चित्रपट मी इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिले.

हा तोराजिरो फिरता विक्रेता. जत्रांतून देवळांच्या आवारात माल मांडायचा, लयीत बोलून गिऱ्हाईक जमवायचे, विकायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. अंगात चौकटीचा कोट, पोटाला लोकरी पट्टा, हातात जुनी पेटी. आपल्या यात्रेत रस्त्याकडेला चादर अंथरणारे जे येतात, त्यांच्यातलाच हा एक. त्याच्या काका-काकूंचे दुकान टोकियोच्या शिबामाता भागात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्या काडीला टोचून विकण्याचे. साकुरा नावाची सावत्र बहीण त्याची काळजी वाहते. प्रत्येक चित्रपटात तो घरी येतो, भांडतो, कुणाच्या तरी प्रेमात पडतो आणि एकटाच पेटी उचलून जातो. योजी यामादा यांनी दोन भाग सोडता ही सारी मालिका दिग्दर्शित केली. 1969 पासून 1995 पर्यंत कियोशी आत्सुमी यांनी ही भूमिका केली. पुढच्या वर्षी ते वारले. मुळात ही दूरचित्रवाणी मालिका होती आणि तिच्या शेवटी नायक सर्पदंशाने मरतो. प्रेक्षक इतके संतापले, की त्याला चित्रपटात जिवंत करावे लागले. आज शिबामाता स्थानकासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

बँकेच्या हिशेबाने हे खाते केव्हाच बुडीत धरले गेले असते. पण मला खटकली ती वेगळी गोष्ट. काही वेळा स्त्री त्याला होकार द्यायला तयार असते, तरी तोच मागे सरतो. आपण संसाराच्या लायकीचे नाही, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलेले असते. तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर माझा पुतण्याही मुलीकडच्यांसमोर मान खाली घालून बसू लागला होता. सातव्या वेळी तर दुकानाबद्दल विचारले, तेव्हा त्याने विषयच बदलला.

येथे एक कबुली द्यावयास हवी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी याच मुलीसाठी बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या मुलाचे स्थळ आले होते. घर सालस, व्यवहार चोख. मी आयुष्यभर व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिटच्या खात्यांवर नजर ठेवलेला माणूस. त्या घराची पत मला कुणी सांगायला नको होती. तरी मी म्हणालो, “दुकानदाराला सुट्टी नसते, मुलीचे हाल होतील.” मुलीला मी विचारलेसुद्धा नाही. त्या रात्री हे तिला सांगितले. ती हसून म्हणाली, “बाबा, सुट्टी यांनाही कुठे आहे?” आणि आतल्या खोलीत बोट दाखवले. जावई लॅपटॉप उघडून बसले होते. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

चैत्रात सोलापूरहून एक स्थळ आले. मुलीने घरी बसण्याआधी दुकान पाहण्याची इच्छा दाखवली. तासभर ती गादीजवळ बसली. चोळीखणाचे भाव विचारले, आणि यात्रेत उधारी कशी सांभाळता, असेही विचारले. पुतण्या प्रथम अडखळला, मग भरभरून बोलू लागला. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.