‘शंट’ या क्रियापदाची ओळख

दौंडच्या पोराला ‘शंटिंग’ म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. १८५८ साली पुण्याहून दिकसाळकडे लोहमार्ग गेला, १८७८ साली मनमाडचा मार्ग येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झाले. (इंग्रजीत त्याचे नाव पुष्कळ वर्षे ‘धोंड’ असे लिहीत!) पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला इथे तोंड फिरवावे लागे. इंजिन सुटायचे, शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचे, आणि गाडी आल्या बाजूनेच बाहेर पडायची. आता जोडमार्ग झाल्यामुळे बऱ्याच गाड्यांचा हा खटाटोप वाचला आहे. शब्द मात्र गावात मुरला तो मुरलाच.

पण याच मुलाला वर्गात ‘शंट’चे वाक्य करायला सांगा. तो लिहील, ‘द इंजिन इज डूइंग शंटिंग ऑफ वॅगन्स.’ असे का होते? आपली मराठी परक्या भाषेतले क्रियापद सहसा क्रियापद म्हणून घेत नाही. ते नामासारखे घेते आणि पुढे ‘करणे’, ‘होणे’ जोडते. आपण ‘शंटिंग करतो’, ‘शंटलो’ म्हणत नाही. म्हणजे मुलाजवळ शब्द आहे, क्रियापद नाही. ‘द इंजिन इज शंटिंग द वॅगन्स’ हे वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या. ‘डूइंग’ गेले, ‘ऑफ’ गेले, वाघिणी थेट क्रियापदाला जोडल्या गेल्या.

दुसरी अडचण फळ्यावरच्या अर्थाची. ‘शंट म्हणजे ढकलणे’ एवढे लिहून दिले की मुलगा बेधडक लिहितो, ‘आय शंटेड द डोअर.’ तिथे ‘पुश्ड’ हवे. दार ढकलले की काम संपले. शंट करताना सांधा बदलावा लागतो, एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जावी लागते. ‘दे शंटेड द एम्प्टी वॅगन्स इंटू अ साइडिंग.’ या वाक्यातला ‘इंटू’ नीट पाहा. कुठून कुठे गेले, हे त्याने कळते. रेल्वेच्या आधी हा शब्द इंग्लंडच्या बोलीत ‘बाजूला सरणे’ या अर्थी होताच; आगगाड्या आल्यावर तो यार्डात आला.

यार्डातून तो कचेरीतही शिरला, आणि इथे त्याची खरी गंमत आहे. ‘द ओल्ड क्लार्क वॉज शंटेड टू अनदर ऑफिस.’ म्हाताऱ्या कारकुनाची बदली झाली एवढाच याचा अर्थ नव्हे. बदलीला ‘ट्रान्स्फर्ड’ आहे. ‘शंटेड’ म्हटले की त्याला कुणी विचारले नाही, नको म्हणून बाजूला सारले, हे आलेच. वाघिणीला कोण विचारतो? ‘द फार्मर वॉज शंटेड फ्रॉम ऑफिस टू ऑफिस.’ एका उताऱ्यासाठी तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या माणसाला याचे भाषांतर नको. इथे ‘सेंट’ लिहिले तरी व्याकरण बिघडत नाही. पण शेतकऱ्याची तक्रार वाक्यातून नाहीशी होते. उद्या आपल्याच मुलाने इंग्रजीतून अर्ज लिहिला, तर हा फरक त्याच्या उपयोगी पडेल.

विज्ञानाच्या गुरुजींनाही हा शब्द भेटतो. विजेचा बराचसा प्रवाह बाजूच्या वाटेने नेणाऱ्या जोडणीला ‘शंट’ म्हणतात. तिथे तो नाम आहे, पण ‘बाजूला’ ही कल्पना तीच.

शिरूर गावात रेल्वे नाही. तिथे फरशीवर खडूने दोन रूळ काढा, मध्ये सांधा दाखवा, काड्यापेट्यांच्या वाघिणी करा. मुलाने पेटी सरकवता सरकवता म्हणावे, ‘आय ॲम शंटिंग धिस वॅगन.’ पेटी जागेवर पोचली की, ‘आय हॅव शंटेड इट.’ मग बाकीच्यांनी त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणावे, ‘इट हॅज बीन शंटेड.’