प्राचीन इजिप्तचे तरुण अभ्यासक : एका अधिछात्रवृत्तीची कथा

प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड आणि ममी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु त्या संस्कृतीचे खरे भांडार तिच्या लिखाणात आहे. मंदिरांच्या भिंती, पपायरसच्या गुंडाळ्या आणि खापरांचे तुकडे यांवर तीन हजारांहून अधिक वर्षांचा मजकूर विखुरलेला आहे. तो वाचावयाचा तर चित्रलिपी, तिच्यापासून निघालेल्या हिएरॅटिक व डेमॉटिक या शीघ्रलिप्या आणि त्या भाषेचे अखेरचे रूप असलेली कॉप्टिक यांचा अभ्यास करावा लागतो. पूर्वसूरींचे संशोधन समजण्यासाठी इंग्रजीबरोबर फ्रेंच व जर्मनही यावी लागते.

या तयारीत उमेदीची कित्येक वर्षे जातात. पीएच.डी. हाती येते तेव्हा विद्यावेतन संपलेले असते आणि अध्यापकांच्या जागा तर मोजक्याच. याच वळणावर चांगला अभ्यासक विषयाला मुकण्याचा धोका असतो. हे अंतर सांधण्याचे काम कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती करते. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात आणि ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लेडी वॉलिस बज यांच्या नावाने इजिप्तविद्येसाठी अशी अधिछात्रवृत्ती आहे.

अशा अधिछात्रवृत्तीची मुदत साधारणतः तीन-चार वर्षांची असते. उमेदवाराचा प्रबंध, पुढील संशोधनाचा आराखडा आणि तज्ज्ञांचे अभिप्राय पाहून निवड होते. निवड झालेल्याला वेतन मिळते व महाविद्यालयाच्या विद्वत्परिवारात स्थान मिळते. अध्यापनाचा भार अल्प असल्याने प्रबंधाचा ग्रंथ करणे, वस्तुसंग्रहालयांतील लेख तपासणे व उत्खननात भाग घेणे शक्य होते.

या देणगीमागची कथा उद्बोधक आहे. अर्नेस्ट वॉलिस बज यांचा जन्म 1857 मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात गरीब घरी झाला. लहान वयातच ते लंडनच्या एका पुस्तकविक्री संस्थेत नोकरीस लागले. दुपारच्या सुटीत प्राचीन भाषांची पुस्तके घेऊन बसणारा हा तरुण सेंट पॉल्स कॅथीड्रलचे ऑर्गनवादक जॉन स्टेनर यांच्या दृष्टीस पडला. त्यांच्या खटपटीने ग्लॅडस्टन आदींनी साहाय्य केले आणि बज केंब्रिजला जाऊ शकले. पुढे 1894 ते 1924 या काळात ते ब्रिटिश म्युझियममधील इजिप्त व असीरिया विभागाचे प्रमुख होते. 1934 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्राद्वारे या दोन्ही महाविद्यालयांना दिलेल्या निधीतून पत्नीच्या नावाची अधिछात्रवृत्ती उभी राहिली.

बज यांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1888 मध्ये त्यांनी ‘आनीचा पपायरस’ इजिप्तच्या अधिकाऱ्यांची नजर चुकवून लंडनला नेला. त्या अखंड गुंडाळीचे पुढे तुकडे करण्यात आले. त्यांची भाषांतरेही आजचे तज्ज्ञ प्रमाण मानीत नाहीत. 1983 च्या कायद्याने इजिप्तने पुराणवस्तूंच्या व्यापारास बंदी घातली. आजच्या संशोधकाने वस्तू जागच्या जागी अभ्यासावयाची असते.

तरीही त्यांच्या देणगीचे मोल कमी होत नाही. बज यांच्या चुका दाखविणारी विद्वत्ता अशाच आधारावर वाढते. एका ऑर्गनवादकाने पुस्तकात गढलेल्या मुलाची वेळीच दखल घेतली, त्याचे फळ आजवर तरुण अभ्यासकांना मिळत आहे. गुणी विद्यार्थ्याला मदत किती मिळाली याइतकेच ती केव्हा मिळाली हेही महत्त्वाचे असते, हे शिक्षणाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे असे आहे.