मूळ प्रत आणि रूपांतर

अमेरिकेने १९७७ साली अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. तीत जगातील निवडक संगीत साठविले असून गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. त्याच तबकडीत शंभरांहून अधिक चित्रे आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ती ध्वनिलहरींच्याच रूपाने कोरलेली आहेत. तबकडी नुसती वाजविली तर त्या ठिकाणी खरखर ऐकू येते. परंतु लहरींतून एकेक उभी रेघ कशी मांडावयाची हे जाणणाऱ्याला त्याच खरखरीतून चित्र मिळते. ही रीत वेष्टनावर आकृत्यांनी दाखविलेली आहे.

संगणकातील फाईलीचा ‘फॉरमॅट’ म्हणजे अशीच वाचनाची रीत होय. संगणकाला छायाचित्र काय आणि गाणे काय, दोन्ही आकड्यांच्या रांगाच. म्हणून फाईलीच्या नावातील ‘पीएनजी’ खोडून ‘जेपेग’ लिहिल्याने रूपांतर होत नाही; मुखपृष्ठ बदलल्याने पुस्तकाची भाषा बदलत नाही, त्यातलाच हा प्रकार. जुन्या रीतीने वाचून नव्या रीतीने पुन्हा लिहून काढणे, हे खरे रूपांतर.

या रीती दोन प्रकारच्या आहेत. चित्रांसाठी पीएनजी आणि ध्वनीसाठी वेव्ह अथवा फ्लॅक यांत सामान्यतः काहीही गळत नाही. जेपेग आणि एमपी-३ यांत मात्र फाईल लहान व्हावी म्हणून काही भाग मुद्दाम टाकून दिलेला असतो. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि बाजू दोन. हा गुणाकार सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांवर जातो. १२८ किलोबिटांच्या एमपी-३ फाईलीत तेच गाणे अकराव्या हिश्श्यात मावते. मोठ्या स्वराशेजारचा क्षीण स्वर कानाला जाणवत नाही, या गुणाचा तेथे उपयोग केलेला आहे. १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धतही चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा कमी करते.

एकदा गळलेले परत येत नाही. एमपी-३ची वेव्ह केली तर फाईल फुगते, आवाज तसूभरही सुधारत नाही. दह्याचे पुन्हा दूध होत नाही. जेपेग चित्र वारंवार बदलून साठविले तर दर खेपेस आणखी थोडे झिजते आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात.

घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाची जुनी कॅसेट किंवा पूर्वजांचे मोडी कागद संगणकात उतरविताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. कॅसेट पुढे झिजेल, कागद जीर्ण होईल. मग पहिली प्रत हेच मूळ. म्हणून ध्वनी प्रथम वेव्ह वा फ्लॅकमध्ये आणि कागद पीएनजी वा टिफमध्ये घ्यावा. नातलगांना पाठविण्यासाठी लहान प्रती त्यावरून काढाव्यात.

इंटरनेटवर असे रूपांतर फुकट करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांपैकी काहींत सारे काम वापरणाऱ्याच्याच संगणकावर होते. परंतु पुष्कळ ठिकाणी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर जाते आणि तिची प्रत तेथे किती काळ राहील हे पाठविणाऱ्याच्या हाती उरत नाही. फुलाच्या चित्राबाबत याने बिघडत नाही. आधारपत्र, बँकेचे कागद, वैद्यकीय अहवाल यांच्याबाबत मात्र बिघडते. अशा कामी ध्वनीसाठी ऑडॅसिटी, चित्रांसाठी जिम्प यांसारखी विनामूल्य साधने घरच्याच संगणकावर वापरणे श्रेयस्कर.

रूपांतर कितीही वेळा करता येते. मात्र ते मूळ प्रतीवरून करावे आणि मूळ प्रत कधीही पुसू नये.