डोंग्याची उतराई, जहाजाचा पगार

नरखेड तालुका म्हटलं की संत्री आठवतात. जहाज कुणाला आठवेल? पण मोवाडजवळून वाहणाऱ्या वर्धेचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे समुद्राशी आपलं नातं आहे, जरा लांबचं!

पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायला डोंगा लागायचा. मग नावाड्याची कमाई कशी व्हायची? अनेक गावांत सुगीच्या वेळी त्याला धान्य मिळे. परका वाटसरू रोख पैसे देई, ती उतराई. इंग्रजांनी १८७८ साली यासाठी चक्क कायदाच केला आणि तो आपल्या मध्य प्रांतालाही लागू होता. घाटाचा लिलाव व्हायचा, अन् ठेकेदाराला माणसाचे, जनावराचे, गाडीचे दर लिहिलेला तक्ता लोकांना दिसेल असा लावावा लागायचा.

आता समुद्रावर या. मालक ग्रीसचा, जहाजावर झेंडा पनामाचा, माल चीनचा आणि खलाशी रत्नागिरीचा. पगार कोणत्या देशाच्या हिशेबाने द्यायचा? हा गोंधळ जुनाच. इंग्रजांच्या काळात कोकणातल्या खलाशाला गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच पगार मिळे. काम तेच, वादळही तेच!

म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४६ साली अमेरिकेतल्या सिएटलला एक आकडा ठरवला: कुशल खलाशाला महिन्याला किमान ६४ डॉलर. पुरेशा देशांनी मान्यताच दिली नाही, त्यामुळे तो करार काही लागू झाला नाही. पण कल्पना टिकली. २०२५ साली हा किमान मूळ पगार ६७३ डॉलर होता, म्हणजे साधारण ५७-५८ हजार रुपये. जादा कामाचे पैसे वेगळे, तेही निदान सव्वापट दराने. गंमत म्हणजे साऱ्या जगासाठी असा किमान पगार ठरतो तो फक्त खलाशांचाच. गवंडी, शिक्षक, डॉक्टर, कुणाचाच नाही!

घरापासून महिनोन्‌महिने दूर राहायचं, म्हणून रजेचाही नियम आहे: नोकरीच्या प्रत्येक महिन्यामागे किमान अडीच दिवस पगारी रजा. मग नऊ महिने जहाजावर काढणाऱ्याची किती रजा जमली? करा गणित. आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचं त्याने काय करावं, तेही आम्हाला कळवा!