दहावीनंतर कृषि पदविका : पदवीकडे जाणारी पायरी केव्हा ठरते?

दहावीचा निकाल लागतो त्याच सुमारास मावळ पट्ट्यात भाताच्या रोपवाटिका टाकण्याची गडबड सुरू असते. भोर तालुक्यातील हिर्डोशी, नीरा-देवघर जलाशयाच्या काठची गावे आणि शेजारच्या वेल्हे भागातील वाड्यावस्त्या येथील बहुतेक कुटुंबांची शेती खाचरातील भातावर आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरईवर अवलंबून आहे. धारण क्षेत्र थोडे, पाऊस भरपूर, पण दसरा-दिवाळीनंतर बहुतेक शिवार मोकळे, अशी येथील स्थिती आहे. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी "मला शेतीचेच शिक्षण घ्यायचे आहे" असे म्हणते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच वेळी पालकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. आधी दोन वर्षांची कृषि पदविका करावी आणि जमल्यास मग पदवीकडे वळावे, की सरळ अकरावी-बारावी विज्ञान करून कृषि महाविद्यालयात जावे?

पुष्कळ घरांत "आधी पदविका, मग पुढचे पुढे पाहू" असा निर्णय होतो. तो चूकच असतो असे नाही. परंतु पदविकेनंतर पदवीचे दार आपोआप उघडते, ही समजूत मात्र बरोबर नाही. पुढची पायरी कोठे आहे हे पहिल्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी पाहिले नाही, तर मुलाची दोन वर्षे आणि घरचा पैसा दोन्ही अडकून पडतात. म्हणून या विषयाची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

पदविका आणि पदवी यांतील फरक

कृषि विद्यापीठांच्या अखत्यारीतील कृषि तंत्र विद्यालयांत दहावीनंतर दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम मराठी माध्यमातून शिकविला जातो. त्यात प्रत्यक्ष कामावर भर असतो. रोपवाटिका तयार करणे, बीजप्रक्रिया, कलमे बांधणे, खतमात्रा काढणे, फवारणी, जनावरांची निगा, शेतीचे हिशेब ही कामे विद्यार्थ्याच्या हातात बसावीत, हा त्याचा हेतू आहे.

पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा म्हणजे आठ सत्रांचा असून तो इंग्रजीतून शिकविला जातो. कृषिविद्या, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, वनस्पती पैदासशास्त्र, कृषि अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण इत्यादी विषय त्यात येतात. या विषयांचा पाया अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात, जीवशास्त्रात आणि गणितात असतो. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी विद्यार्थ्यांना गावात राहावे लागते. गावोगावी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून येतात ते हेच विद्यार्थी.

एकाच खाचरातील दोन धडे

हा फरक भाताच्या उदाहरणावरून चांगला समजेल. चारसूत्री पद्धतीत रोपांची लावणी १५ आणि २५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतरावर करतात. लावणी झाल्यावर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचतात.

आता पदविकेच्या विद्यार्थ्याला पुढील हिशेब बिनचूक करता आला पाहिजे. सरासरी अंतर २० × २० सें.मी. धरल्यास एका चुडाला ४०० चौ.सें.मी. जागा मिळते, म्हणजे एका चौ.मीटरला २५ चूड बसतात. हेक्टरी अडीच लाख चूड झाले. चार चुडांना एक गोळी या हिशेबाने ६२,५०० गोळ्या लागतील आणि त्यांचे वजन सुमारे १६९ किलो भरेल. एका गुंठ्याला साधारण १ किलो ७०० ग्रॅम गोळ्या पुरतात. दहा गुंठ्यांच्या खाचरासाठी दुकानातून किती माल आणावा, दोरीला खुणा कशा बांधाव्यात आणि मजुरांना काम कसे समजावून सांगावे, हे ज्ञान लाखमोलाचे आहे.

पदवीच्या वर्गात याच गोळीविषयी वेगळा प्रश्न विचारला जातो. ती खोलच का खोचावयाची? साचलेल्या पाण्यात युरिया फोकला तर त्यातील काही नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. खाचरातील मातीचा अगदी वरचा पातळ थर प्राणवायू असलेला असतो. तेथे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या प्राणवायूरहित थरात उतरले की दुसरे जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात आणि नत्र हवेत जाते. गोळी सुरुवातीपासूनच खालच्या थरात ठेवली तर अमोनियम तसेच टिकते, मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. हे कारण ज्याला माहीत आहे, तो पाणी न साचणाऱ्या वरकस जमिनीत हाच उपाय जसाच्या तसा करावयास सांगणार नाही.

या भागात आवडीने लावला जाणारा 'इंद्रायणी' वाणही असाच अभ्यासातून आला. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो विकसित केला व १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. असे काम करावयाचे तर पदवी आणि त्यापुढील शिक्षण लागते. शेताला दोन्ही ज्ञाने हवी असतात. त्यांपैकी एकाला हलके लेखू नये.

हा प्रश्न जुनाच आहे

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजी अमदानीत पुण्याजवळच्या लोणी येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मराठीतून शिकविणारी निवासी शेतकी शाळा होती. तिच्या नावावरून अशा शाळांना 'लोणी पद्धतीच्या शाळा' असे म्हटले जाई. तेथे शिकलेल्या मुलाने घरी जाऊन चांगली शेती करावी, अशी अपेक्षा होती. पंजाबात मात्र नेहमीच्या शाळेतच शेती हा एक विषय म्हणून ठेवला होता. त्यामुळे मुलाचे सामान्य शिक्षण तुटत नसे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषि आयोगाने १९२८ च्या अहवालात या दोन पद्धतींची तुलना केली आणि पंजाबच्या पद्धतीकडे कौल दिला. शेतीचे शिक्षण वेगळ्या आवारात संपून जावे, की पुढच्या शिक्षणाला जोडलेले असावे, हाच तो प्रश्न होता.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने काढण्यात आले. तेथे १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी एक 'ज्युनिअर कॉलेज' सुरू झाले. अशा संस्थांना आज कम्युनिटी कॉलेज म्हणतात. शेतकऱ्याचा मुलगा घरी राहून कमी खर्चात पहिली दोन वर्षे गावाजवळच्या कॉलेजात शिकतो आणि उरलेल्या वर्षांसाठी राज्याच्या विद्यापीठात दाखल होतो. ही सोय चालते ती लेखी करारावर. कॉलेजातील कोणता विषय विद्यापीठ मान्य करील आणि त्याचे किती श्रेयांक धरील, हे दोन्ही संस्थांनी आधीच ठरविलेले असते. जेथे असा करार नसतो तेथे विद्यार्थ्याला तोच विषय पुन्हा शिकावा लागतो. आपल्याकडील पालकांनी घेण्यासारखा धडा हाच आहे. तोंडी आश्वासनावर न जाता लेखी नियम पाहावा.

पदवीकडे जाण्याचे मार्ग

१) सरळ मार्ग : दहावी, नंतर अकरावी-बारावी विज्ञान, राज्य सामायिक प्रवेश परीक्षा (एमएचटी-सीईटी) आणि चार वर्षांची पदवी. एकूण सहा वर्षे लागतात. हा मुख्य दरवाजा आहे. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही गट चालतो. हिर्डोशीच्या मुलांना यासाठी भोरला ये-जा करावी लागते किंवा तेथे राहण्याची सोय पाहावी लागते.

२) पदविका आणि मग मुख्य दरवाजा : पदविका झाल्यावर पदवीची इच्छा झाली आणि त्यासाठी अकरावी-बारावी विज्ञान करावे लागले, तर दोन, दोन आणि चार अशी आठ वर्षे होतात. पदविकाधारकांसाठी थेट प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. शेजारच्या गावातील एखाद्याला काही वर्षांपूर्वी प्रवेश मिळाला, यावर विसंबून राहू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्याच वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

३) मुक्त विद्यापीठाचा मार्ग : नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने कृषि शिक्षणात प्रमाणपत्र, पदविका, पदवी अशा पायऱ्या बांधल्या आणि मराठीतून पाठ्यपुस्तके तयार केली. घरची शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यास हा मार्ग सोयीचा आहे. मात्र नोकरीसाठी किंवा दुसऱ्या विद्यापीठातील पदव्युत्तर प्रवेशासाठी पदवी हवी असेल, तर तेथे ती ग्राह्य आहे का, याची लेखी चौकशी आधी करावी.

४) पदवीच्या आतील पायऱ्या : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात पहिल्या वर्षानंतर दहा आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येते, तर दुसऱ्या वर्षानंतर तसेच प्रशिक्षण घेऊन पदविका मिळते. घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबावे लागणाऱ्या विद्यार्थ्याची वर्षे त्यामुळे वाया जात नाहीत. ही पदविका बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमातील आहे. दहावीनंतरची पदविका वेगळी. नाव सारखे असल्याने या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

कोणी काय निवडावे?

घराला सहा वर्षे थांबणे शक्य असेल आणि मुलाला विज्ञान व गणिताची गोडी असेल, तर सरळ मार्गच धरावा. "पदविका सोपी आहे" एवढ्याच कारणाने दोन वर्षे आडवळणाने जाऊ नये.

घरी शेती पाहणारे माणूस लवकर हवे असेल किंवा दोन वर्षांत मिळकत सुरू होणे गरजेचे असेल, तर पदविका अवश्य करावी. पण ती तिच्या स्वतःच्या उपयोगासाठी करावी. कृषि सेवक पदाच्या आजवरच्या भरतीत कृषि पदविका ही पात्रता धरलेली आहे. रोपवाटिका, सुधारित भात बियाण्याचे उत्पादन, फळझाडांची कलमे, दुग्धव्यवसाय यांतही तिचा उपयोग होतो. याउलट राज्य लोकसेवा आयोगामार्फत कृषि अधिकारी व्हावयाचे असेल तर पदवीच लागते. मुलीच्या बाबतीत "दोन वर्षे पुरेत" असे घरातल्यांनी परस्पर ठरवू नये. तिची आवड आणि गुण पाहूनच निर्णय घ्यावा.

पदविका घेताना पुढची तयारी

पदवीचा विचार मनात असेल तर पहिल्या दिवसापासून पुढील काळजी घ्यावी.

• दोन रकान्यांची वही ठेवावी. एका बाजूस मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी शब्द लिहावा. नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, फुटवे म्हणजे टिलर. रोज पाच शब्द लिहिले तरी दोन वर्षांत मोठा संग्रह होतो. पदवीच्या पहिल्या सत्रात मराठी माध्यमातील हुशार विद्यार्थीही अडतात ते विषयापेक्षा शब्दांवर.

• दहावीचे गणित व विज्ञान विसरू देऊ नये. टक्केवारी, प्रमाण, क्षेत्रफळ आणि रासायनिक संज्ञा यांचा सराव चालू ठेवावा.

• प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, गुणपत्रके आणि अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवावी. एखादा विषय पूर्वी शिकला आहे हे दाखवावयाचे झाल्यास हीच कागदपत्रे लागतात.

• सुटीत आपल्याच खाचरात एक-दोन गुंठ्यांवर प्रयोग करावा. लावणीची तारीख, खतमात्रा आणि उत्पादन यांची नोंद ठेवावी. शेजारील खाचराशी तुलना करावी.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) हे विद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे व त्याची मान्यता चालू वर्षासाठी आहे काय?
२) अभ्यासक्रम किती वर्षांचा व कोणत्या माध्यमाचा आहे?
३) या पदविकेनंतर पदवीस प्रवेश मिळतो काय? मिळत असल्यास कोणत्या वर्षात, किती जागांवर आणि कोणत्या लेखी नियमानुसार?
४) विद्यालयाकडे स्वतःची शेती, जनावरे, प्रयोगशाळा व वसतिगृह आहे काय?
५) शिक्षण शुल्क, वसतिगृह, भोजन आणि प्रवास धरून वर्षाचा एकूण खर्च किती? शिष्यवृत्ती कोणती मिळते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले नाही, तर त्या पदविकेतून पदवीला जाता येणार नाही असे धरूनच निर्णय घ्यावा. तसे धरूनही ती फायद्याची वाटली तर खुशाल प्रवेश घ्यावा. शंका असल्यास तालुका कृषि अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या कृषि महाविद्यालयात जाऊन माहितीपुस्तिका पाहावी आणि शक्य तो मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. दोन वर्षे त्यांची जाणार आहेत, तेव्हा प्रश्नही त्यांनीच विचारावेत.