नाडीवरचं बोट

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवायची, मोबाइलवर सेकंद लावायचे आणि पंधरा सेकंदांत पडलेल्या ठोक्यांना चारने गुणायचे. नाडी मोजण्याची ही रीत कोणालाही दोन मिनिटांत शिकता येते. चिंतेने घेरलेल्या माणसाला ती शिकल्यावर थांबता येत नाही, ही खरी अडचण. ऑफिसात टेबलाखाली, लोकलमध्ये गर्दीच्या आडोशाने, जिन्याच्या वळणावर, रात्री लघवीला उठल्यावर बोटे आपसूक मनगटाकडे किंवा गळ्याकडे जातात. ईसीजी झालेला असतो, टू-डी एको झालेला असतो, दोन्ही अहवालांत काही सापडलेले नसते. तरी आकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

या सवयीला लागणारे साधन तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यांनी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ नाडी मोजण्यासाठी वापरले आणि १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तोवर नाडीची चाल, जोर आणि भरीवपणा यांनाच महत्त्व होते. पुढे जेकब दा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरांनी तिथल्या यादवी युद्धातल्या तीनशेहून अधिक सैनिकांची निरीक्षणे १८७१ मध्ये प्रसिद्ध केली. छातीत धडधड, दुखणे आणि दम लागणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या, पण अनेकांच्या हृदयात दोष काही दिसेना. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ च्या विनोदी कादंबरीतला निवेदक वैद्यकाचे पुस्तक वाचून स्वतःची नाडी पाहतो, तेव्हा आधी ती सापडतच नाही आणि मग एकदम १४७ भरते. विनोद सोडला, तर हे निरीक्षण एखाद्या केस-पेपरमध्ये शोभावे इतके अचूक आहे.

अचूक अशासाठी, की घाबरून मोजलेली नाडी वाढलेलीच असते. भीतीबरोबर अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते आणि ठोके वाढतात. निरोगी प्रौढाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० मानली जाते, आणि या पट्ट्यात ती दिवसभर वरखाली होत राहते. बसलेला माणूस उभा राहिला की दहा-वीस ठोके सहज वाढतात. जेवण, कडक चहा, उकाडा, जागरण या सगळ्यांचा परिणाम होतो. अंगात ताप असेल तर एक अंश सेल्सियसमागे साधारण दहा ठोक्यांची भर पडते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते; तरुणांमध्ये हा फरक बोटांना जाणवण्याइतका असतो आणि नेमका तोच ‘अनियमित नाडी’ म्हणून धसका देतो. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटणे हेही बहुधा अवेळी पडलेल्या जादा ठोक्याचे लक्षण. २४ तासांची हॉल्टर तपासणी केली, तर निरोगी माणसांतही असे ठोके सर्रास सापडतात.

त्यात मोजणीचे गणितही फसवे आहे. पंधरा सेकंदांत १९ ठोके मोजले तर उत्तर येते ७६. पुढच्या खेपेस सुरुवात क्षणभर अलीकडे-पलीकडे झाली आणि २१ मोजले गेले, की उत्तर ८४. हृदयात काहीही बदललेले नसताना आठ ठोक्यांची ‘वाढ’ कागदावर उमटते. मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजणे आलेच, आणि तोवर भीतीने नाडी खरोखरच नव्वदीत गेलेली असते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये घबराटीच्या झटक्याचे हेच चक्र मांडले : शरीरातली एक साधी संवेदना, तिचा ‘आता काहीतरी भयंकर होणार’ असा अर्थ, त्यातून भीती, भीतीतून आणखी धडधड. मानसशास्त्रज्ञ अॅन्के एलर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घबराट विकाराच्या रुग्णांना त्यांच्या हृदयाची गती एकाएकी वाढल्याचा खोटा संकेत दिला गेला. ज्यांनी तो खरा मानला त्यांची चिंता वाढलीच, शिवाय हृदयाची गतीही खरोखर वाढली. आकडा चिंतेची बातमी देतो तसा चिंता निर्माणही करतो.

तरीही सवय टिकते, कारण कधीकधी आकडा बरा येतो. ७२ दिसले की हायसे वाटते आणि मेंदू धडा शिकतो, की तपासले म्हणून बरे वाटले. हा दिलासा दहा-पंधरा मिनिटे टिकतो. मघाच्या ७२ वर आताचा भरवसा कसा ठेवायचा, ही शंका डोके वर काढते आणि बोट पुन्हा मनगटावर. मुळात माणूस विचारत असतो, ‘मला काही होणार तर नाही ना?’ नाडी फक्त या क्षणीचा वेग सांगते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कितीदा मिळाले तरी विचारलेला प्रश्न शिल्लकच राहतो. हात पुनःपुन्हा धुणे किंवा कुलूप ओढून पाहणे या मंत्रचळाच्या कृतींशी याचे नाते जवळचे आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात टोकाची आजारभीती मंत्रचळाच्याच गटात ठेवलेली आहे.

सवय सोडवण्याआधी एक काम नीट उरकावे लागते, ते म्हणजे डॉक्टरांकडून एकदा तपासणी. रक्तक्षय आणि थायरॉइडची अतिक्रिया यांतही नाडी जलद चालते, आणि भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, तेव्हा ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे बरे नव्हे. धडधडीसोबत शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, विश्रांतीतही दम लागणे किंवा घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नये. काही हृदयरोगांत किंवा औषधांवर असताना डॉक्टरच नाडी मोजायला सांगतात. तिथे सांगितलेल्या वेळी, सांगितली तेवढीच मोजावी. तपासणी निर्दोष निघाल्यावर तीच महिन्याभरात दुसऱ्या डॉक्टरांकडे करवून घेणे हे मात्र नाडी तपासण्याचेच खर्चिक रूप.

उपचाराचे सूत्र साधे आणि पाळायला कठीण आहे : भीती येऊ द्यायची, पण तपासायचे नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मंत्रचळाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचे नोंदवले. नाडीच्या बाबतीत सुरुवात मोजणी मोजण्यापासून होते. दोन-तीन दिवस आकडे न लिहिता फक्त केव्हा, कुठे आणि कशामुळे तपासले एवढेच टिपायचे. या टिपणातून बहुतेकांना प्रथमच कळते, की ठरावीक प्रसंगीच हात मनगटाकडे जातो : जिना चढून आल्यावर, कोणाच्या आजारपणाची बातमी ऐकल्यावर, झोपताना. मग तपासणी पुढे ढकलायची. इच्छा झाली की आधी पाच मिनिटे थांबायचे, चार दिवसांनी पंधरा, मग अर्धा तास. या वेळात अस्वस्थता चढते, काही काळ टिकते आणि तपासल्याविना ओसरते. हे शरीराने अनुभवावे लागते. कोणी समजावून सांगितल्याने भागत नाही. पुढे एकेक प्रसंग पूर्ण बंद करायचा. सोपा आधी, झोपतानाचा सहसा शेवटी.

पुढची पायरी धडधड मुद्दाम ओढवून घेण्याची. जागेवर मिनिटभर धावायचे, दोन मजले भराभर चढायचे आणि वर पोचल्यावर हात खाली सोडून नुसते उभे राहायचे. हृदय जोरात चालणे आणि धोका यांची मनात बसलेली सांगड अशाने सैल होते. हे अर्थातच वैद्यकीय तपासणीनंतर, आणि शक्यतो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

खरी मेख चोरवाटांत असते. मनगट सोडले तरी छातीवर तळहात ठेवणे, उशीत कानाशी ठोके ऐकणे, आरशात मानेची शीर उडताना पाहणे चालूच राहते. गळ्याची नाडी वारंवार दाबणे तर धोक्याचेही आहे. तिथे दाब पडला की काहींची नाडी मंदावून घेरी येते. नाडी उतरवण्यासाठी दीर्घ श्वास घेऊन ‘उतरली का’ म्हणून पुन्हा पाहणे हाही सवयीचाच भाग. प्राणायाम चांगला, पण त्याची परीक्षा आकड्याने घ्यायची नाही.

स्मार्टवॉचने ही चोरवाट राजमार्ग करून टाकली. हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या चढउतारावरून ते ठोके ओळखते. पट्टा सैल असला किंवा हात हलला तर चुकते. एखादे वेळी पावलांची लय ठोके म्हणून मोजली जाते आणि चालताना उगाच १४० दिसतात. कोविडच्या दिवसांत घरात आलेल्या ऑक्सिमीटरवरही नाडीचा आकडा असतोच. घड्याळाच्या तबकडीवरून ठोके हटवावेत, सूचना बंद कराव्यात, तरी जमले नाही तर साधे काट्याचे घड्याळ बांधावे. ऑक्सिमीटर घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्यावा.

घरच्यांची यात कसोटी लागते. ‘बघ गं जरा, जोरात चाललीय ना?’ या प्रश्नाला प्रेमापोटी ‘नाही रे, अगदी नॉर्मल आहे’ म्हणणे म्हणजे आपल्या बोटांनी त्याची तपासणी करून देणे. ‘भीती वाटतेय ते कळतंय, पण आपण नाडी बघायची नाही असं ठरलंय’ हे उत्तर ऐकायला कोरडे आणि उपयोगाला चांगले. मात्र ते आधी दोघांनी मिळून ठरवलेले असावे, नाहीतर भांडण ठरलेले.

स्वतःच्या प्रयत्नांनी महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा कामधंदा अन् झोप बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जावे. वर्तनोपचाराला कधी औषधांचीही जोड लागते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. ओळखीत कोणाला हृदयविकाराचा झटका आला, की सुटलेली सवय आठवडाभर परतते, हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. तेव्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. पाच मिनिटांऐवजी थेट अर्ध्या तासाच्या थांबण्यापासून पुन्हा धरता येते.